चंद्रावरच्या आचाऱ्याचा दुसरा भाग

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुवेतमधल्या आमच्या महबूल्यातल्या मराठी मंडळींत ती सांगितली जाते, पण विनोद म्हणून. गणपतीचं जेवण असो, नाहीतर कोणाचा निरोप समारंभ, कोणीतरी हमखास म्हणतं, "काकांची ती चिनी सिनेमाची बातमी आठवते का?" आणि सगळे हसतात. मीही हसतो. एका गाजलेल्या चिनी सिनेमाचा दुसरा भाग येणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं आणि तो आला नाही. म्हाताऱ्याने कुठेतरी काहीतरी ऐकलं आणि घोळ घातला, एवढाच अर्थ लोक त्यातून काढतात.

घोळ झाला नव्हता. दुसरा भाग येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी येणार म्हणून सांगितलं. नावं लिहीत नाही, कारण ज्यांना त्याचा त्रास झाला ती माणसं आहेत, चांगली आहेत, आणि त्यांना यातलं काही माहीत नाही.

ज्याला मी हे सांगितलं तो एक्स-रे टेक्निशियन होता. मूळचा कुडाळजवळच्या एका गावचा, इथे एका खासगी दवाखान्यात नोकरीला. बायको आणि मुलगी घेऊन तो आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला, तेव्हा माझी पत्नी जाऊन थोडाच काळ झाला होता. मुलगा कॅनडात. मी कुवेत सिटीत एका जुन्या व्यापारी कंपनीत हिशेब बघायचो, अजूनही बघतो. मालक म्हणतो, तू गेलास तर मला माझ्याच कपाटात काही सापडायचं नाही. त्या कुटुंबाने मला पहिल्याच आठवड्यात जेवायला बोलावलं आणि मग बोलावणं हा प्रकारच राहिला नाही. दार उघडं असायचं. तो आणि त्याची बायको मला काका म्हणायचे, मुलगी आजोबा म्हणायची. मुलगी इथल्या शाळेत जायची, त्यामुळे मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि बापाशी भांडताना मात्र थेट मालवणीत यायची.

शुक्रवारी आम्ही चौघं एगैल्याच्या मॉलमध्ये सिनेमा बघायला जायचो. तो चिनी सिनेमा तिथेच बघितला. चंद्रावरचा एक आचारी असतो. त्याच्या हातून रोज काहीतरी करपतं म्हणून त्याला पृथ्वीवर हाकलून देतात, आणि तो एका गल्लीतल्या नूडल्सच्या दुकानात कामाला लागतो. गंमत अशी की त्याच्या हातचं जो खाईल तो जमिनीपासून वर तरंगायला लागतो. हवालदार छताला चिकटतो, लग्नातलं वऱ्हाड ताटांसकट खिडकीबाहेर जातं. दुकानदाराची लहान मुलगी गिऱ्हाइकांच्या पायाला सुतळी बांधून त्यांना खाली ओढते. हसून हसून आमची मुलगी खुर्चीवरून घसरली.

"तुमच्या हातचं खाऊन कोणी तरंगणार नाही," तिची आई तिच्या बापाला म्हणाली. "बसेल तिथेच बसेल."

शेवटी चंद्रावरून त्याला बोलावणं येतं. दुकानाच्या गच्चीवर ती लहान मुलगी त्याला विचारते, "परत येशील?" आचारी तोंड उघडतो आणि पडदा काळा होतो. नावं वर सरकू लागली. लोक जरा वेळ बसून राहिले आणि उठले.

परतताना गाडीत वाद झाला.

"पण तो काय बोलला?" मुलगी मागून विचारत होती. "पप्पा, ही वॉज गोइंग टू से समथिंग!"

"कापलं असेल," तो म्हणाला. इथे सिनेमातली काही दृश्यं कापून दाखवतात. कुठे उडी पडली ते आपल्याला कळतं, काय होतं ते कळत नाही, आणि सवय झाली की कोणी विचारत नाही.

"कापलं म्हणजे मुका घेतला असेल," त्याची बायको म्हणाली.

"चंद्रावरचा आचारी कोणाचा मुका घेणार?" मी म्हटलं. "अहो, चाललेला सिनेमा आहे. असा अर्धा सोडला म्हणजे दुसरा भाग काढणार. त्यात सांगतील."

हे मी तेव्हा प्रामाणिकपणे म्हटलं होतं. तेवढं एक वाक्य प्रामाणिक होतं म्हणून नोंदवतो.

"दुसरो भाग इलो की आपण सगळी हयच बघूया," तो मुलीला म्हणाला. "ह्याच थेटरात."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस गो बाय."

त्यानंतर वर्षभरात त्याची आई गावी पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. भाऊ होता, पण त्याच्या बायकोची नोकरी होती. शेवटी याची बायको मुलीला घेऊन कुडाळला गेली आणि मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. तो मागे राहिला. कुटुंब परत पाठवलेला माणूस इथे सगळ्यात आधी फ्लॅट सोडतो. त्याने समोरचा फ्लॅट सोडला आणि माझ्याकडे एक खोली घेतली.

आमचं बरं चाललं होतं. सकाळी तो दवाखान्यात, मी सिटीत. संध्याकाळी तो स्वयंपाक करायचा, मी भांडी घासायचो. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, कोथिंबीर आणायची ड्यूटी माझी. शुक्रवारी तो फहाहीलच्या बाजारातून मासे आणायचा आणि मला साफ करायला शिकवायचा. देशावरचा माणूस, मला जमायचं नाही. "काका, माशाला गोंजारू नका, खवलं काढा," असं म्हणायचा. रोज संध्याकाळी घरी फोन. मुलगी पहिला प्रश्न हा विचारायची: "इलो काय रे दुसरो भाग?" तिथे गेल्यावर ती सबंध मालवणीत बोलायला लागली होती. तो म्हणायचा, "नाय अजून. तू जेवलंस? तरंगलंस की नाय?" मग दोघं हसायची.

एकदा मी न्हाणीघरात पडलो. कडी आतून लावलेली, उठता येईना. त्याने दाराच्या बिजागऱ्या काढल्या, मला बाहेर आणलं, स्वतःच्या दवाखान्यात नेऊन स्वतः फोटो काढला. हाड मोडलं नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक हिशेब सुरू झाला: हा नसता तर?

पुढच्या हिवाळ्यात दवाखान्याने त्याला विचारलं, करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवायचा का. त्याच सुमाराला कुडाळात एका डॉक्टरने नवं एक्स-रे सेंटर काढलं आणि याला निरोप धाडला की येतोस तर तूच सांभाळ. पगारात फरक होता, पण पोट भरलं असतं. तो आठवडाभर घरात येरझाऱ्या घालत होता.

एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्याने मला सांगितलं, "काका, मी कौल लावणार आहे."

मला कौल म्हणजे छपरावरचा एवढंच ठाऊक. मग त्याने समजावलं. त्यांच्याकडे घरात मोठी गोष्ट ठरत नसली की गावच्या देवळात जायचं. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न मोठ्याने सांगतो आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर उजवा कौल, म्हणजे होय. डावी पडली तर नाही. मग त्यावर वाद नाही. मोठमोठी शिकलेली माणसंही वाद घालत नाहीत.

"मग भावाला सांग गावी लावायला," मी म्हटलं.

"तसं केलं तर अख्ख्या घराला कळेल मी यायचा विचार करतोय. आई वाट बघत बसेल. आणि कौल डावा पडला तर?" तो पोळी उलटत म्हणाला. "मी इथेच ठरवलंय. हसू नका हं. त्या सिनेमाचा दुसरा भाग येणार असेल, तर तो उजवा कौल. मी दोन वर्षं सही करतो, तो आला की दोघींना व्हिजिट व्हिसावर बोलावतो, पोरीला दिलेला शब्द पुरा करतो. येणार नसेल, तर शब्दातून मी मोकळा. सही करत नाही. घरी जातो."

मी हसलोच. "अरे, फोनवर बघ की. आता कळेल येणार की नाही."

"तेच नाय करायचं. विचारणाऱ्याने पाषाणाला हात लावायचा नसतो. नाहीतर मन जिकडे ओढतं तिकडची पाकळी माणूस पाडतो. म्हणून तर गुरव लागतो." त्याने हात पुसले. "काका, तुम्ही गुरव व्हा. तुम्ही विचारून या. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन."

त्याने फोनवर एकदाही शोधलं नाही. नंतरही नाही. शिकलेला माणूस, रोज लोकांची हाडं पडद्यावर बघणारा, पण कौलाचा नियम म्हणजे नियम.

आमच्या कंपनीकडून माल घेणाऱ्या एका बांधकाम कंपनीतला चिनी इंजिनिअर महिन्यातून एकदा ऑफिसात यायचा. माझ्याच वयाकडे झुकलेला, हसतमुख. आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलायचो, अडलं की तो फोनपुढे चिनीत बोलायचा आणि फोन इंग्रजीत बोलायचा. त्या दिवशी कामं आटोपल्यावर मी त्याला सिनेमाचं विचारलं. त्याला इतका आनंद झाला की त्याने खुर्ची माझ्या बाजूला ओढली.

"दुसरा नाही," तो म्हणाला. "सगळ्यांनी मागितला. माझ्या मुलीनेही. पण नाही. संपला."

मी म्हटलं, शेवट तर अर्धवट आहे. त्याला कळेना. त्याने फोनवर शेवट काढून मला दाखवला, तेव्हा दोघांनाही कळलं की आम्ही इथे बघितला तो शेवट नव्हताच. गच्चीवरच्या त्या प्रश्नानंतर आणखी बराच सिनेमा होता. आचारी तोंड उघडतो आणि सरळ सांगतो, नाही, मी परत येणार नाही, माझी चूल तिकडे आहे. मुलगी रडते, चिडते, त्याच्या पायाची सुतळी सोडून देते. मग चंद्रावरचा दरबार, देवदेवता (त्यांच्यापायीच इथे सगळा शेवट कापला असणार), आणि सगळ्यात शेवटी ती मुलगी म्हातारी झालेली, त्याच दुकानात नूडल्स उकडते आहे. त्यानंतर काही उरत नव्हतं. इंजिनिअरने फोनला विचारून मला सांगितलं, दिग्दर्शकाने तिकडे टीव्हीवर सांगितलंय, आचारी परत आणला तर ती त्या मुलीची फसवणूक होईल, म्हणून दुसरा भाग काढणार नाही.

"तुमच्या नातीसाठी विचारता?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

म्हणजे कौल डावा पडला होता, आणि इतका स्वच्छ पडला होता की गुरवाला वेगळा अर्थ लावायला जागा नव्हती.

संध्याकाळी एक्सप्रेसवेवरून घरी येताना मी त्याला कसं सांगायचं ते ठरवत होतो. 'बाबा रे, बांधाबांध कर,' असं हसत सांगायचं. वाटेत फिंतासच्या आसपास माझा विचार बदलू लागला. बदलू लागला म्हणजे मी तो बदलू दिला. त्याच्या जाण्यानंतरचं घर मला दिसायला लागलं. जाहिरात देऊन कोणी अनोळखी पोरगा ठेवायचा. न्हाणीघराची कडी. मुलाला फोन केला तर तो म्हणणार, "बाबा, तुम्हीच तिथे राहायचा हट्ट धरलात." आणि मला वाटलं, दोनच वर्षं तर आहेत. त्याचाही फायदाच आहे. माणसाला स्वतःसाठी काही हवं असलं की त्यात दुसऱ्याचा फायदा लगेच सापडतो.

तो माझी वाट बघत होता. हातपाय धुऊन, देवाच्या फोटोपुढे निरांजन लावून बसला होता. हे मला अपेक्षित नव्हतं. मी चपला काढत असतानाच त्याने विचारलं, "काय काका, कौल?"

"उजवा," मी म्हटलं.

"येतोय?"

"येतोय."

"नीट सांगा हं. शंका असली तर आमच्यात परत लावतात. म्हणून परत विचारतो."

"अरे, त्यांच्याच देशातला माणूस म्हणाला. पुढच्या ईदच्या सुमाराला येणार." हा तपशील मी जागेवर रचला. तपशील जोडला की खोटं बसतं, हे इतकी वर्षं लोकांचे हिशेब तपासून मला ठाऊक होतं.

तो खूश होईल असं मला वाटलं होतं. त्याने निरांजनाची वात सारखी केली. मग म्हणाला, "बरं. देवाच्या मनात तसं असेल तर तसं." त्याच्या आवाजावरून कळलं की त्याला डावा हवा होता. त्याला घरी जायचं होतं आणि कोणीतरी 'जा' म्हणायला हवं होतं. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. 'थांब, माझं चुकलं' एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. मी आत जाऊन कपडे बदलले.

बाहेरून त्याचा फोनवरचा आवाज आला. "अगो, येतलो! काका सांगतत, येतलो म्हणान. पुढच्या ईदीक." आणि फोनमधून पोरीची किंकाळी, एवढी की मला आत ऐकू आली.

त्याने सही केली. कुडाळच्या सेंटरला दुसरा माणूस मिळाला.

पुढची ईद आली, सिनेमा आला नाही. मी म्हटलं, पुढे ढकलला असेल, यांचं काही सांगता येत नाही. तो म्हणाला, हो, असेल. मुलीने आईच्या मागे लागून नवा फ्रॉक घेऊन ठेवला होता, तो तिला आखूड झाला. रोजच्या फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच, फक्त आता त्यात पुस्ती होती: "माझ्या वर्गात कोणाक खरा वाटना नाय. मी सांगितलंय माझे पप्पा म्हणतत म्हणान." मला हे ऐकू येऊ नये म्हणून मी नळ सोडायचो.

मग एका शुक्रवारी दुपारी जे व्हायचं ते झालं. आम्ही जेवत होतो. फोन स्पीकरवर होता, कारण त्याचे हात आमटीने भरलेले. मुलगी नमस्कार-चमत्कार काही न करता बोलायला लागली. वर्गातल्या कोणा मैत्रिणीच्या घरी मोठ्या टीव्हीवर तो सिनेमा लावला होता. पहिलाच भाग, पण सबंध.

"पप्पा, तो नाय म्हणता."

"कोण गो?"

"आचारी. ती विचारता, परत येशील? तो नाय म्हणता. मगे ती म्हातारी होता. संपलो तो सिनेमा. दुसरो भाग नाय. मैत्रिणीच्या दादान फोनवर पण बघितल्यान. नायच असा. सगळी माका हसली."

तो माझ्याकडे बघत होता. संशयाने नव्हे. मदत मागणाऱ्या माणसासारखा.

"काकांची माहिती चुकली असतली गो," तो हळू म्हणाला.

"मगे तू कित्याक नाय बघितलंस? तुझ्याकडे फोन नाय?"

कौलाचं तिला सांगायचं म्हणजे आपण घरी यायचं की नाही हे एका सिनेमावर सोडलं होतं, हेही सांगावं लागलं असतं.

"तुका यायचाच नाय होता," ती म्हणाली. आणि मग इंग्रजीत, अगदी शांतपणे, "यू जस्ट मेड इट अप." फोन ठेवला.

आमटी निवत होती. थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, "काका, तुम्हाला नक्की काय सांगितलं होतं त्याने?"

माझ्यासमोर ही दुसरी संधी होती. मी म्हटलं, "त्याचं इंग्रजी यथातथाच. माझ्या समजण्यात काही गडबड झाली असेल." म्हणजे मी त्या बिचाऱ्या इंजिनिअरलाही त्यात ओढलं. ज्याने मला शेवटापर्यंत सगळं दाखवलं होतं, त्याला.

"असेल, असेल," तो म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

त्यानंतर ती फोनवर येईना. आई सांगायची, अभ्यास करते आहे, झोपली आहे, बाहेर गेली आहे. सुट्टीत तो घरी जाऊन आला, आल्यावर बॅग न उघडता बराच वेळ बसला. मी विचारलं, पोरगी बोलली का. "बोलते. विचारलं तेवढं बोलते." मग म्हणाला, "चूक माझीच होती, काका. कौल हा देवळात लावायचा असतो. मी सिनेमावर लावला. देवाची थट्टा केली, देवाने दाखवून दिलं. गावी गाऱ्हाणं घालून आलो."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मागणं. घाडी, म्हणजे देवळातला तो मानकरी, सांगतो, मागची माणसं 'होय महाराजा' म्हणतात. आपल्या हातून चूक झाली, ती पोटात घाल, असं तो सगळ्या भावकीसमोर उभा राहून सांगून आला होता. चूक कोणती ते सांगितलं नव्हतं. आणि भावकी होय महाराजा म्हणाली होती.

मी म्हटलं, "बरं केलंस."

करार संपल्यावर तो गेला. त्याच्या निरोपाला आम्ही सगळे जमलो होतो. माझा चेहरा पडलेला बघून त्यानेच तो किस्सा काढला. "आमचे काका म्हणजे सिनेमाचे गुरव," तो म्हणाला, "पाकळी डावी पडली तरी उजवी सांगतात!" सगळे खो खो हसले. त्याने कौलाचं खरं प्रकरण सांगितलं नाही, फक्त गंमत सांगितली. मला जड वाटू नये म्हणून. तो विनोद तेव्हापासून इथे चालू आहे.

विमानतळावर मी त्याच्याबरोबर आत जाता येईल तिथवर गेलो. तो वाकून पाया पडला. मी म्हटलं, "जपून जा. गोळ्या वेळेवर घे." त्याला कसल्याच गोळ्या नव्हत्या; गोळ्या मला होत्या.

फोनवर सांगू, असं म्हणत वर्षं गेली. तो दर दिवाळीला फोन करतो. कुडाळात आता दुसऱ्या कोणाच्या सेंटरवर आहे. आई वारली, तेव्हा तो तिथेच होता, त्याचं त्याला समाधान आहे. मी प्रत्येक वेळी ठरवतो आणि प्रत्येक वेळी हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो.

गेल्या सुट्टीत माझ्या गावाहून, सांगलीहून, मुद्दाम कुडाळला गेलो. हे सांगण्यासाठीच गेलो. घराच्या पडवीत बसलो होतो. मुलगी आता कॉलेजात आहे, उंच झाली आहे. मला नमस्कार केला, "आजोबा, कुवेत कसं आहे?" असं शुद्ध पुस्तकी मराठीत विचारलं. चहा आणला. बाप समोरच होता. ती आईला म्हणाली, "त्यांना विचार, साखर हवी का." तो म्हणाला, "तिला सांग, थोडी." कोणी रागावलेलं नव्हतं. त्या घरात ती पद्धत पडली होती, जशी एखाद्या घरात जेवणाची वेळ पडलेली असते. बायको मधून निरोप पोचवत होती आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

शेजारचे कोणी आले. तो त्यांना म्हणाला, "हे काका. तिथे एकट्या माणसाला यांनी सांभाळलं. यांच्यामुळे मी दोन वर्षं काढली." खरं होतं. अगदी शब्दशः.

मुलगी कप घ्यायला वाकली. त्या वेळी पडवीत आम्ही दोघंच होतो. बाकीचे शेजाऱ्यांना निरोप द्यायला गेटपर्यंत गेले होते. ती थांबली, कारण मी तिचा हात धरला होता. "काय आजोबा? अजून चहा?"

"नको," मी म्हटलं. "चांगला झाला होता."

ती आत गेली. हे छापून आलं तर कधीतरी त्यांच्या हाती पडेल. पण छापलेली माफी म्हणजे मागितलेली माफी नव्हे, ती समोर बसून मागायची असते, हे मला कळतं. पाठ करून गेलो होतो, ते एवढंच होतं: "पोरी, तुझे पप्पा तुझ्याशी कधीच खोटं बोलले नाहीत. मी त्यांच्याशी खोटं बोललो. सिनेमाचा दुसरा भाग नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. त्यांना तुझ्याकडे यायचं होतं, आणि मला एकट्याने राहायची भीती वाटली म्हणून मी त्यांना थांबवलं. त्यांना हाक मारून इथे बसव, मी त्यांच्यासमोर परत सांगतो. माझं चुकलं. मला माफ करा, दोघंही."